धाकट्याच्या वतीनं

"बाळ कुठं गेलं?"

दादांनी पेटीतला कापूस वरखाली केला, पुन्हा एकदा केला आणि शेवटी अख्खी पेटी चटईवर उलटी करून झटकली. मेंढरं पडली, तीन राजे पडले, बैल पडला. बाळ येशू काही पडला नाही.

"मोना, गेल्या वर्षी पेटी कुणी भरली होती?"

"मीच," माझी थोरली बहीण मोनिका म्हणाली. "कापसात गुंडाळून मधोमध ठेवलं व्हतं, मरियेच्या शेजारी."

"मग त्याला पाय फुटले का?"

मी गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातल्या डोंगराला काव फासत होते आणि मान खाली घालून फासतच राहिले. बाळ कुठं आहे ते घरात फक्त मला ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी सगळे चुलीपाशी चहा घेत असताना मीच ते पेटीतून काढून नेलं होतं. ते संध्याकाळपर्यंत सापडू नये एवढीच माझी इच्छा होती. सापडलं असतं तर ते मला ठेवावं लागलं असतं, आणि ते मी मेले तरी ठेवणार नव्हते.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. नाव फिलोमिना, पण एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ होता? फिलू म्हणायचे.

दादा म्हणजे माझे वडील, पौलस मास्तर. प्रवरेकाठच्या आमच्या पिंपळटाकळीत ख्रिस्ती माणसांची तीसेक घरं होती आणि फादर मात्र सात गावांना मिळून एक. ते नाताळच्या सकाळी आठला फटफटीवर यायचे, मिस्सा करायचे आणि चहा अर्धा टाकून पुढच्या गावाला पळायचे. बाकी वर्षभराच्या प्रार्थना, पोरांची शिकवण, सोयरिकी आणि भांडणं हे सगळं दादांच्या गळ्यात. मिशननं नेमलेले धर्मशिक्षक होते ते. त्यामुळे आमच्या घरची गव्हाणी ही गावाची गव्हाणी होती.

ती मांडायला आम्हाला तीन आठवडे लागायचे. पत्र्याच्या डब्यांत गहू पेरायचा, तो नाताळपर्यंत वीतभर हिरवा व्हायचा. गोणपाट चुन्यात बुडवून त्याचे डोंगर करायचे, शेतातली काळी माती आणून रान करायचं, कडब्याची झोपडी, फुटक्या आरशाचं तळं. गावातली झाडून सगळी माणसं बघायला यायची. पाटलांची म्हातारी तर मरियेला हळदकुंकू वाहून जायची. दादा आधी कुरकुरायचे, मग म्हणायचे, "असू दे. तिच्या परीनं ती बरोबरच आहे."

चोवीस तारखेला दिवे लागायच्या वेळेला बाळाला गव्हाणीत ठेवायचं. ठेवायचं ते घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकरानं. देव लहान होऊन आला, म्हणून त्याला उचलायचा मान लहानाचा, असं दादा दरवर्षी जमलेल्या लोकांना सांगायचे. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं होतं. "ठेवताना धाकट्यानं मनात एकच मागायचं. धाकट्याचा शब्द बाळ येशू मोडत नाही." हे बायबलात नक्की कुठं लिहिलंय असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. मास्तर सांगतात म्हणजे असणारच कुठंतरी.

मला आठवतं तेव्हापासून ते बाळ मीच ठेवत आले होते. चार नाताळ. वीतभर प्लास्टरचं बाळ, गुलाबी गालांचं, एका पायाचा अंगठा उडालेलं. त्या दिवशी मोनाताईची जुनी परकर-पोलकी माझ्या अंगावर शोभायची आणि तीस घरांची माणसं श्वास रोखून माझ्या हाताकडं बघायची. वर्षाचे बाकीचे दिवस माझ्याकडं कोण बघत होतं? मी मागायचेही रोकडं. एकदा पाटी मागितली, एकदा चप्पल. दोन्ही मिळालं. मागितलेलं मिळतं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

मग आमच्याकडं थोमू आला. थॉमस. जानेवारीत जन्मला, आणि पहिल्या नाताळला अकरा महिन्यांचा झाला होता. अर्थातच घरातलं धाकटं लेकरू आता तो होता. मी तीन दिवस फुगून बसले. शेवटी दादांनी तोड काढली. थोमूला माझ्या मांडीवर बसवलं, बाळ त्याच्या हातात दिलं आणि खालून माझा हात लावला. थोमूनं आधी बाळाचं डोकं तोंडात घातलं. सगळे हसले. दादाही हसले आणि म्हणाले, "फिलू, त्याला अजून बोलता येत नाही. त्याच्या वतीनं तू माग."

मी डोळे मिटून मागितलं. काय मागितलं ते कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

भाद्रपदात थोमूला जुलाब सुरू झाले. नदीला पूर होता, पलीकडं दवाखान्यात जायला नाव नव्हती. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

म्हणून त्या वर्षी गव्हाणी मांडायची की नाही यावरूनच आधी घरात धुसफूस झाली. आई म्हणत होती, "यंदा नगं. तळण न्हाई, चांदणी न्हाई, तसं गव्हानी बी नगं."

"लोक येतील, त्यांना काय सांगू?" दादा म्हणाले. "मास्तरच्या घरी यंदा ख्रिस्त जन्मला नाही?"

आईनं गहू पेरला. आणि नाताळच्या आठवडाभर आधी जेवताना दादा माझ्या डोक्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "यंदा बाळ तू ठेवायचंस, फिलू. आता तूच धाकटी."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. 'आता तूच धाकटी' हे त्यांना बोलायला किती जड गेलं असेल ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं, की मागितलेलं आलं.

तर आता चोवीस तारखेची दुपार होती आणि घरात शोधाशोध चालली होती. मोनाताईनं कणगीमागं हात घातला, दादांनी माळ्यावरची भांडी खाली काढली. शेजारच्या कत्रीनामावशी गव्हाणीवरच्या चांदणीला लावायचा कागद घेऊन आल्या होत्या. त्यांना निमित्तच पाहिजे होतं.

"घरात मयत झालेलं अन् त्यात बाळ हरवलं. लक्षान बरं न्हाई, मास्तर. अपशकुन हाय."

"मावशी, ख्रिस्ती माणसाच्या तोंडात अपशकुन?" दादा ओरडले.

"मी आपलं म्हनलं."

"उंदरानं नेलं असेल," मी म्हणाले. तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

"प्लास्टरचं बाळ? उंदीर?" दादा माझ्याकडं बघायला लागले. मग त्यांनी सायकलची किल्ली घेतली. "मी मिशनवर जाऊन सिस्टरांकडं बाळ मिळतंय का बघतो. दिव्याच्या आत येतो."

मिशन नऊ किलोमीटर. म्हणजे बाळ येणारच. एक पुरलं तर दुसरं येणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कावेचा कुंचा खाली टाकला आणि मला रडू कोसळलं.

आई इतका वेळ दारात उभी होती. ती जवळ आली, माझे हात धुवायला म्हणून तिनं मला मोरीपाशी नेलं आणि पाणी घालता घालता थांबली. तिनं माझी बोटं उलटी करून नखं बघितली. काव निघाली होती, नखांतले खडे राहिले होते.

"ह्यो मुरूम कुठला?"

गव्हाणीची माती काळी होती. गावातली, शेतातली, ओढ्याकाठची सगळी माती काळीच. तांबडा मुरूम एकाच ठिकाणी होता, माळावर. तिथं काहीच पिकत नव्हतं म्हणून ती जागा आम्हाला माणसं पुरायला मिळाली होती.

आईनं हात पुसले. ओट्यावरून दादांना हाक मारली. "अवो, सायकल ठिवा. सापडंल ते. आमी येतो."

"कुठं निघालात?"

"आलोच."

माळ गावापासून फार लांब नव्हता. शाळेच्या मागून ओढा ओलांडला की चढ लागायचा. आई माझा हात धरून चालत होती, रागानं नव्हे, पण सोडतही नव्हती. ती दर शनिवारी तिथं जायची. मी थोमूला पुरल्यापासून पहिल्यांदा त्या सकाळी एकटी गेले होते.

थोमूची कबर म्हणजे दगडांची एक छोटी रांग आणि डांबर लावलेला लाकडी क्रूस. क्रूसाच्या बुडाशी मुरूम उकरलेला दिसत होता. मला लपवणंही धड जमलं नव्हतं.

"काढ," आई म्हणाली.

मी हातानं उकरलं. बाळ वरच होतं. त्याच्या गालांवर तांबडी माती बसली होती. आईनं ते घेतलं आणि पदरानं पुसायला लागली.

"हितं कशाला आनलंस गं?"

"थोमूला ठेवू दे. धाकटा तो हाय."

"थोमू आता न्हाई, फिलू."

"माझ्यामुळं न्हाई."

"असं कोन म्हनलं?"

"कुनी न्हाई म्हनलं. दादा म्हनले, त्याच्या वतीनं माग. मी त्याच्यासाठी न्हाई मागितलं. माझ्यासाठी मागितलं."

"काय मागितलंस?"

मी क्रूसाकडं बघून सांगितलं. "फुडच्या वर्षी बाळ मीच ठेवीन. थोमू नगं."

आईचा पुसणारा हात थांबला. ती खाली बसली होती, तशीच बसून राहिली. मला वाटलं आता मारेल. मारायलाच हवं होतं तिनं. मी गाल पुढं करून उभी होते आणि मार काही येत नव्हता. आई त्या प्लास्टरच्या बाळाकडं बघत होती. ती माझ्याकडं बघेना, याची मला जन्मात वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

शेवटी ती म्हणाली, "दादांना सांगितलंस?"

"न्हाई."

"मोनीला?"

"न्हाई."

"नगं सांगू."

"आई, मी आज ठेवलं न्हाई तर त्यो परत यील का?"

"न्हाई गं बाई. त्यो कशानंच यायचा न्हाई."

"मग मला ठेवायला लावू नगं. मी ठेवलं म्हंजे मला ते पायजे व्हतं असं हुईल."

ती उठली. बाळ पदरात गुंडाळलं आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. तसंच धरून ती माळ उतरली.

घरी पोचलो तर पेट्रोमॅक्स लागली होती. ओसरी भरून माणसं ओट्यावर आणि ओट्याखाली उभी होती. बाया डोक्यावर पदर घेऊन एका अंगाला, गडीमाणसं दुसऱ्या अंगाला, पोरं अगदी गव्हाणीला चिकटून. आईनं पदरातून बाळ काढलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कत्रीनामावशींनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला.

"कुठं होतं?" दादांनी विचारलं.

"पोरीनं खेळाया नेलं व्हतं."

दादांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि रागावायचं दुसऱ्या दिवसावर टाकलं. त्यांच्या हातात गाण्याचं पुस्तक होतं, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्यांनी शुभवर्तमान वाचलं. मरियेचे दिवस भरले आणि उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही, इथपर्यंत आवाज चांगला होता. पुढं तो जरा घोगरा झाला. मग ते नेहमीचं बोलले, देव लहान होऊन आला ते. या वर्षी ते चटकन संपवलं.

"घरातलं धाकटं लेकरू बाळाला ठेवील," ते म्हणाले. "फिलोमिना, पुढं ये."

मोनाताईनं मला मागून ढोसलं. "जा ना गं." सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. चार वर्षं मी याच नजरांसाठी जीव टाकत होते. आता त्यातली एक एक नजर मला, हिनंच मागितलं होतं, असं म्हणते आहे असं वाटत होतं. मी मागं सरायला लागले.

"फिलू," दादा दबक्या आवाजात म्हणाले, "लोक थांबलेत."

"ती धाकटी न्हाई," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. मास्तरीणबाई चारचौघांत कधी बोलायच्या नाहीत. तिनं बाळ दोन्ही हातांत धरलं होतं.

"काय म्हणालीस?" दादा म्हणाले.

"फिलू धाकटी न्हाई. धाकटं माझ्या पोटात हाय. त्याच्या वतीनं मी ठिवते."

बायांच्या बाजूला कुजबुज उठली आणि लगेच थांबली. दादा आईकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी स्वतः बघितलं आणि मला त्याचं नवल वाटलं. ते तिच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं बघितलं, मग परत तिच्याकडं. पुस्तक त्यांनी मिटलं.

"ठेव," ते म्हणाले.

आई गुडघ्यांवर बसली. बाळाला कडब्यावर ठेवलं आणि हात मागं घेतला नाही. डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. एवढा वेळ मागायला कुणालाही लागला नव्हता. मग गाण्याची पहिली ओळ दादांनी म्हणायची होती, पण ते पुस्तकाची पानंच उलटत राहिले. ती शेवटी कत्रीनामावशींनी उचलली, नेहमीसारखी फार वरच्या सुरात, आणि सगळे त्यांच्यामागं ओढले गेले.

मी इतकी सुखात कधी झोपले नव्हते. बाळ येणार होतं! मी धाकटी नव्हते, मी काही ठेवलं नव्हतं, माझं ते मागणं फुकट गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मिस्सेला एकच गोष्ट विचित्र घडली. फादर कम्युनियनची पवित्र भाकर द्यायला उभे राहिले तेव्हा सगळ्यांत पुढं असायचे ते दादा जागचे हलले नाहीत, आणि आईही हलली नाही. सगळं गाव रांगेत गेलं आणि ही दोघं आपापल्या जागी गुडघ्यांवर. लोकांनी बघितलं. मी ते बाळंतपणाशी काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

सगळा जानेवारी मी आईला घागर उचलू दिली नाही. लाकडं मी आणायची, भांडी मी घासायची. मोनाताई चिडवायची, "लई गुनाची झाली बया." मी जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेतली. टाके वेडेवाकडे होते. आई ती बघायची आणि दुसरीकडं तोंड करायची.

फेब्रुवारीत एका सोमवारी शाळेतून आले तर आई अंथरुणात होती. कत्रीनामावशी काढा घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी आवाज खाली केला, पण त्यांचा खालचा आवाजही गल्लीत ऐकू जायचा.

"तीन म्हैने व्हायच्या आत चारचौघांत कुनी सांगतं का, बाई? डोळा लागतो. आता न्हाई राह्यलं, तर काय करनार."

मी दाराशी उभी होते. आईनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मला डोळाबिळा काही लागल्याचं वाटलं नाही. मला नक्की माहीत होतं. मी बाळ येशूला मातीत पुरलं होतं. थोमूचं जाणं मी मागून घेतलं होतं आणि हे दुसरं त्यानं स्वतः होऊन नेलं होतं. आई तिथं पडली होती ती माझ्यामुळं, आणि माझ्यामुळंच ती माझ्याकडं बघत नव्हती. शिवलेली दुपटी मी त्याच संध्याकाळी चुलीत घातली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कुमसाराला, पापांची कबुली द्यायला गेले तेव्हाही नाही. पहिल्या वेळी फादरांपुढं गुडघे टेकून मी खोटं बोलल्याचं आणि साखर चोरल्याचं सांगितलं, त्यांनी तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या, त्या मी सहा म्हटल्या. पुढं शिकले, नाशिकला शाळेत नोकरीला लागले, लग्न झालं, दोन मुलं झाली. दोन्ही वेळेला दिवस राहिले ते मी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही डॉक्टरकडून कळलं. आमच्या घरी गव्हाणी मांडतात. बाळ ठेवायच्या वेळी मी स्वयंपाकघरात असते. मुलं लहान होती तेव्हा हाका मारायची. मग मारेनाशी झाली. मुलांना मी कधी सांगितलं नाही की तेव्हा काही मागायचं असतं. तरी दर डिसेंबरला, दिवे लागायच्या वेळेला, माझ्या नखांत मुरूम अडकल्यासारखा वाटतो आणि मी उगाच हात धुते.

दादा गेले. आई माझ्याकडं राहायला आली. तिची पंचाहत्तरी उलटली होती आणि पोटात दुखतं म्हणून मी तिला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, पडद्याकडं बघत सहज म्हणाली, "आजींचं गर्भाशय काढलेलं आहे. ऑपरेशन कधी झालं?"

"धाकट्याच्या टायमाला," आई म्हणाली. "थोमूच्या. रगत थांबंना, तवा काढलं. झाली चाळीस-बेचाळीस वर्सं."

डॉक्टरनं लिहून घेतलं.

मी पडद्याकडं बघत उभी होते. त्या करड्या ढगांत मला काही कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की थोमूनंतर आईला मूल होणं शक्यच नव्हतं.

बाहेर बाकावर बसलो. रिपोर्टला वेळ होता. मी विचारलं, "आई, मग त्या नाताळला पोटात कोण होतं?"

ती चमकली नाही. "कोनी न्हाई."

"आणि दादांना?"

"त्यांना ठाव न्हवतं तर कुनाला? दवाखान्यात सही त्यांनीच केली व्हती. बाकी गावात कुनाला सांगितलं न्हवतं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "त्या रात्री येवढंच इचारलं, 'पोरीसाठी?' मी व्हय म्हनले. परत त्या गोष्टीचं नाव न्हाई काढलं. गव्हानीसमोर खोटं बोललो म्हनून दोघांनी सकाळी कम्युनियन तेवढं घेतलं न्हाई."

"आणि फेब्रुवारीत?"

"पडून राह्यले दोन दिस. कधीतरी मिटवाया पायजे व्हतं ना ते."

"मला वाटलं, तेही माझ्यामुळं गेलं."

आई माझ्याकडं वळली. हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा बघता बघता उतरला.

"कवापतूर वाटलं?"

"आत्तापर्यंत."

तिनं हात तोंडावर ठेवला. मग माझा हात हातात घेऊन त्यावर थापट्या मारत राहिली, लहान मुलाला झोपवताना मारतात तशा. "मी तुला वाचवाया गेले अन् आनखी येक तुझ्या उरावर घातलं," ती म्हणाली. "इचारायचं न्हाईस का गं?"

"तू सांगायचं नाहीस का?"

समोरून एक आया ट्रॉली ढकलत गेली. मला रडायला येत होतं. चाळीस वर्षं मी दोघांसाठी रडत आले होते आणि त्यातलं एक कधी नव्हतंच. पण थोमू होता. त्याचे लाळेनं भरलेले ओठ त्या प्लास्टरवर टेकले होते, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते.

"फिलू," आई म्हणाली, "त्या दिशी बाळ ठिवताना मी काय मागितलं, ठाव हाय?"

"काय?"

"फिलूला यातलं काय बी आठवू नये. बास. लई येळ तेवढंच मागितलं." तिनं माझं मनगट धरलं, त्या दिवशी माळावरून येताना धरलं होतं तसंच. "आठवतं का तुला?"

"सगळं आठवतं."

"मंग बघ. येका आईचं त्यानं ऐकलं न्हाई. आठ वर्साच्या पोरीचं ऐकंल व्हय?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती. तिचे डोळे पिकले होते आणि पोटात काय निघतंय ते अजून आम्हाला कळायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "नाही ऐकणार."

आईनं मोठा श्वास सोडला आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. तिला माझं खरं वाटलं. मी ते फक्त तिच्यासाठी म्हणाले होते.